फक्त शाळेपुरतं

थोरलीचं नाव निघालं की माझ्या तोंडाची चव जाते. लोक म्हणतात, काकू, झालं गेलं, आता सोडून द्या. का सोडू? राग गिळणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, त्यांचं कोणी भलं केलेलं मला आठवत नाही. माझा राग नाकावर असतो हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे, आणि परमुलखात अर्धी हयात काढल्यावर एवढी एक इस्टेट तरी माझी स्वतःची असू दे.

पण सांगायचं आहे ते धाकटीबद्दल. बहिणी दोघीच, थोरली आणि धाकटी, आणि आमच्यातले सगळे त्यांना तसंच म्हणतात. थोरली इथे येऊन जुनी झालेली. मोठ्या रस्त्यापलीकडे तिचं स्वतःचं घर, पुढे हातरुमालाएवढी हिरवळ, दाराला गोड आवाजाची बेल. मुलगा मोठा, शिकायला दुसऱ्या शहरात. धाकटी आली ती नवऱ्याला आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन, शाळांच्या सुट्ट्या चालू असताना, माझ्या खालच्या मजल्यावर.

दोन खोल्या, अजून रंगाचा वास न गेलेल्या. एकीची खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडते, दुसरीची उघडतच नाही. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरवावा लागतो, तळघरातलं सगळ्यांचं वॉशिंग मशीन लाथ खाल्ल्याशिवाय चालू होत नाही, आणि घराचं दार ओढलं की आपोआप बंद होतं. किल्ली आत राहिली की बसा जिन्यात. धाकटी पहिल्याच दिवशी बसली. कचरा टाकायला खाली उतरली होती, पायात नवऱ्याच्या चपला, हात ओले आणि आत गॅसवर कुकर. मी वरून उतरत होते. दुसरी किल्ली घेऊन वॉचमन येईपर्यंत तिने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं आणि प्रत्येक शिट्टीला डोळे मिटले. आमची ओळख झाली ती अशी.

तिकडे ती पाळणाघर चालवायची. घराच्या पुढच्या खोलीत लोकांची पोरं, रांगणारी, चालणारी, नाक गळणारी. पोराचं रडणं भिंतीपलीकडून ऐकून सांगायची, हे भुकेचं, हे झोपेचं, हे उगीच. स्वतःबद्दल बोलायला लावलं तर दोन वाक्यांत संपायची, पण त्या पोरांबद्दल विचारलं की तिची गाडी थांबत नसे. कोण मुठीत काय लपवायचं, कोणाला कुठली मांडी लागायची, सगळं तोंडपाठ.

नवरा क्रेन चालवतो. दिवसभर उंचावर एकटा बसतो, त्यामुळे असेल, खाली आल्यावर बोलायची सवय राहिलेली नाही. काहीही विचारा, उत्तर एकच, ‘बघू.’ नोकरी टिकेल का? बघू. पोरीला बूट आणायचे का? बघू. मी त्याचं नाव बघूराव ठेवलं आणि ते त्याला कायमचं चिकटलं. इतक्या उंचावरून अख्खं शहर दिसत असेल त्याला, पण घरातलं काही दिसलं तर शपथ.

आणि ठकी. खरं नाव भारदस्त आहे, पण ती एवढीशी, डोळे मोठे आणि तोंड अखंड चालू, म्हणून मी तिला ठकी म्हणायचे. आली तेव्हा तिचं प्रत्येक वाक्य आईपासून सुरू व्हायचं. ‘आई, इथे जिन्यातला दिवा आपोआप लागतो. आई, ह्या कुत्र्याने स्वेटर घातलाय. आई...’ एवढं म्हणून दम घ्यायची आणि मग काय सांगायचं होतं ते आठवत बसायची. माझ्या छतापर्यंत ऐकू यायचं. मला त्रास व्हायचा, मी दोनदा जमिनीवर काठीसुद्धा आपटली आहे. तो आवाज मी पुढे किती शोधला ते माझं मला माहीत.

धाकटीला मी माझ्याच कामाला लावलं. हॉटेलांच्या चादरी धुण्याचा कारखाना आहे आमचा. ओल्या चादरीची दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, झटकायची, ताणायची आणि दोघींनी एकाच वेळी इस्त्रीच्या गरम रुळांखाली सरकवायची. समोरचीशी ताल जमला नाही की सुरकुती पडते आणि चादर परत धुवायला जाते, वर मुकादमीण खाऊ का गिळू करते. धाकटी आणि मी समोरासमोर. तिचा ताल लगेच जमला. वाफेच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि धाकटीला ओरडता येत नसे, म्हणून आम्ही चादर सरकवून एकमेकींच्या जवळ येऊन बोलायचो आणि पुढच्या चादरीला लांब व्हायचो. तिची सगळी हकिकत मला अशी तुकड्या-तुकड्यांनी कळलेली आहे.

शाळा सुरू व्हायला काही आठवडे उरले आणि एका रविवारी थोरली आली. मी तिथेच होते, चहा पीत. थोरलीने चहाला तोंड लावलं नाही. खिडकीबाहेरच्या गाड्यांकडे बघून म्हणाली की तुमच्या हद्दीतली शाळा अगदीच टाकाऊ आहे. सगळी नवीन आलेली माणसं, बारा देशांची पोरं, कोणाचं कोणाला कळत नाही. ठकी तिथे गेली तर पुढे चादरीच धुणार. माझ्या हातात कप होता तो मी खाली ठेवला. तिला ते कळलंसुद्धा नाही.

तिच्या हद्दीतली शाळा मात्र नामांकित. मूल ज्या घरात राहतं त्या हद्दीतली शाळा त्याला मिळते, असा इथला कायदा. त्यावर थोरलीने काढलेली शक्कल अशी, की ठकीला तिच्या घरी राहायला न्यायचं आणि शाळेला सांगायचं, हिचे आईबाप गावाकडे आहेत, ही मावशीकडे शिकायला आली आहे. रविवारी ठकी घरी. बाकी दिवस धाकटीने काम सुटल्यावर मागच्या दाराने येऊन मुलीला भेटून जायचं. गल्लीतली पोरं त्याच शाळेत जातात, त्यांच्या आयांना संशय यायला नको.

मी विचारलं, आणि पोरीने आईला चारचौघांत काय म्हणायचं? राहवेना मला.

“काही म्हणायचं नाही,” थोरली म्हणाली. “हाकच मारायची नाही. फक्त शाळेपुरतं आहे हो काकू. घरी आल्यावर आहेच की आई.”

मी बघूरावाकडे पाहिलं. तो म्हणाला, बघू. मी धाकटीकडे पाहिलं. ती बहिणीकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर ते भाव होते जे मला कोणाच्याही तोंडावर बघवत नाहीत, उपकाराखाली वाकलेले. त्यांची आई लवकर गेली होती. धाकटीच्या वेण्या थोरलीने घातल्या, पहिल्या दिवशी शाळेत थोरलीने सोडलं, लग्नही तिनेच जमवलं, इथे आणलं तेही तिनेच. तिच्यापुढे मान वर करून बोलायची धाकटीला सवयच नव्हती. आईपण हे एका बहिणीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर देता येतं असं थोरलीला वाटत असेल तर त्यात नवल नाही, पण मला त्या दिवशी हे समजून घ्यायचं नव्हतं आणि आजही नाही. मी उठले आणि माझ्या मजल्यावर जाऊन दार आपटलं. या खेपेला मी दाराच्या आत होते हे नशीब.

ठकी गेली. खालून आवाज येईनासा झाला. मी जेवताना मुद्दाम कान देऊन बसायचे.

आमचं काम दुपारी सुटायचं. धाकटी तडक मोठा रस्ता ओलांडून थोरलीच्या मागच्या दाराने आत शिरायची. बहिणीकडे जाऊन नुसतं बसायचं कसं, म्हणून ओटा आवरायची, पोळ्या लाटायची, फरशी पुसायची. थोरलीनेही कधी बस म्हटलं नाही. धाकट्या बहिणीने हातासरशी काम करावं ही आपल्यातली जुनीच रीत, दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि पुढे तेच नडलं.

ओट्याशी उभी असताना तिला मागे जेवणाच्या टेबलावरची तालीम ऐकू यायची. थोरली इथल्या भाषेत विचारायची, तुझे आईबाबा कुठे आहेत? ठकी म्हणायची, गावाकडे. कोणाकडे राहतेस? मावशीकडे. ही कोण? इथे ठकीने खांदे उडवायचे. बरोबर जमलं की चॉकलेट. थोरलीने मुलीचे लाड केले नाहीत असं मी म्हणणार नाही. स्वतः पाय मापून बूट आणले, दोन फ्रॉक आणले, झोपताना पाठीवरून हात फिरवायची म्हणे. करू दे. ज्या तोंडात चॉकलेट घातलं त्याच तोंडातून काय काढून घेतलं ते तिला दिसलं नाही.

मी चादरीच्या पलीकडून धाकटीला रोज टोचायचे. आण तिला परत, म्हणायचे. ती म्हणायची, वर्षाचा प्रश्न आहे काकू, एकदा शाळा लागली की कोण बघतंय. मी म्हणायचे, दुसऱ्याच्या ओंजळीने किती दिवस पाणी पिणार आहेस? ती पुढची चादर उचलायची. तिची शांत मान बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची, आणि ती तिडीक मी मुकादमिणीवर काढायचे, कारण ती पगार त्यासाठीच घेते असं माझं मत आहे.

मग एका दिवशी धाकटीच्या हातून चादरी बिघडायला लागल्या. एक वाकडी गेली, दुसरी गेली, तिसरीला तिने टोकच सोडलं. मी जवळ जाऊन विचारलं. तिने जे सांगितलं ते ऐकून तळपायाची आग मस्तकाला गेली.

आदल्या दिवशी ठकी थोरलीच्या गल्लीत शेजारच्या मुलीची सायकल चालवत होती. धाकटी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती, कुंपणाच्या फटीतून तिला दिसत होतं. ठकी पडली. गुडघा फुटला, रक्त वाहायला लागलं. लागल्यावर आपल्यात म्हातारा माणूससुद्धा ‘आई गं’ म्हणतो. ज्याची आई जाऊन पन्नास वर्षं झाली तोही म्हणतो, बोलायच्या आधी तोंडातून येतं ते. ठकीने तोंड उघडलं. शेजारीण दारात उभी होती, तिच्याकडे तिचं लक्ष गेलं. आणि तिने तोंड मिटलं. ओठ दाबून धरले आणि नाकाने रडली.

“काकू, मी इतक्या पोरांची रडणी ऐकली,” धाकटी म्हणाली, “असं रडणं कधी ऐकलं नव्हतं.”

तू काय केलंस, मी विचारलं. ती म्हणाली, तशीच उभी राहिले, चिमटे हातात घेऊन. ताईने तिला आत आणलं तेव्हा मागच्या दाराने जाऊन औषध लावलं. मी तिला खूप बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण वाफेचं मशीन चालू असताना पलीकडच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. धाकटी ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली की शाळेची बाई घर बघायला येणार आहे, तेवढं होऊ दे, मग मी ताईशी बोलते.

इथे नवीन मूल शाळेत यायच्या आधी शिक्षिका घरी येऊन भेटून जाते. चांगली पद्धत आहे, मला नावं ठेवायची नाहीत. थोरलीने त्यासाठी ठकीची खोली सजवायला घेतली होती आणि तिला हवं होतं ठकीचं छोटं टेबल, जे बघूरावाने इथे आल्यावर फळ्या जोडून केलं होतं. तोच काय तो त्याने न बघता केलेला उद्योग. बाई दुपारी येणार, टेबल सकाळी पोचवा आणि निघून जा, असा थोरलीचा हुकूम. आमची दोघींची सुट्टी होती. धाकटीने पुढचे दोन पाय धरले, मी मागचे, आणि आम्ही तो लाकडी बोजा मोठ्या रस्त्यावरून नेला. सिग्नलला गाड्यांतली माणसं बघत होती. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं.

टेबल खोलीत लागलं. धाकटीने पाहिलं की फरशीवर आमच्या पायांचे डाग पडलेत. झालं, घातले रबरी हातमोजे आणि बसली पुसायला. मी दारात उभी राहून तिला चल म्हणत होते, आणि समोरची गोड आवाजाची बेल वाजली.

बाई दुपारी यायची ती सकाळीच आली होती. जवळच दुसऱ्या मुलाकडे आले होते, चालेल ना, असं हसत विचारत. तरुण पोर, पाठीला पिशवी, कपाळावर घाम. थोरलीचा चेहरा क्षणभर पांढरा झाला, पण तिची जीभ कधी अडत नाही. बाईने आमच्याकडे बघून मान झुकवली तेव्हा थोरली इथल्या भाषेत म्हणाली, या दोघी साफसफाईला येतात.

मला इथली भाषा चांगली येते. ते वाक्य मला नीट कळलं. धाकटीलाही तेवढी भाषा कळत होती. मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते, पण धाकटीने रबरी मोजा घातलेल्या हाताने माझं मनगट पकडलं आणि इतकं दाबलं की मी गप्प बसले. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात सरकलो. तिथून सगळं दिसत होतं.

बाई खुर्चीवर बसली नाही, खाली सतरंजीवर ठकीसमोर बसली. चित्रं काढतेस का, कुठला रंग आवडतो, असं हळूहळू, शब्द तोडून विचारत होती. ठकी उत्तरं देत होती. आईबाबा गावाकडे. मी मावशीकडे. थोरली सोफ्यावर बसून मान डोलावत होती. सगळं तालमीप्रमाणे चाललं होतं. आणि मग त्या बाईने, चांगल्या मनाने, ठकीच्या गुडघ्यावरच्या खपलीकडे बघत विचारलं, “आईची आठवण येत असेल ना तुला?”

हा प्रश्न तालमीत नव्हता. ठकीने थोरलीकडे पाहिलं. थोरली काही सांगणार तेवढ्यात ठकीच म्हणाली, “नाही येत.”

बरोबरच होतं तिचं. आई चार पावलांवर उभी होती, आठवण कशाला येईल? पण बाईला ते कुठून कळणार? तिचा चेहरा उतरला. तिने ठकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, तिला मात्र तुझी येत असेल हं. मी धाकटीकडे बघितलं नाही. बघवलंच नाही मला.

थोरलीने दिलेलं सरबत ठकीने संपवलं होतं. ती उठली, रिकामा ग्लास घेऊन आमच्याकडे आली आणि तो आईच्या हातात दिला. वर न बघता. कामाच्या बाईला देतात तसा. दिला आणि वळली.

धाकटीने ग्लास ओट्यावर ठेवला. मोजे काढले, एक, मग दुसरा, आणि दोन्ही सिंकमध्ये टाकले. मग बाहेर गेली, सतरंजीपाशी उभी राहिली आणि तिला येत होत्या तेवढ्या शब्दांत म्हणाली, “मी आई. ही माझी मुलगी. माझं घर रस्त्याच्या पलीकडे.”

थोरली उठून उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, “वेड लागलंय का तुला? पोरीचं वर्ष जाईल.”

“जाऊ दे.”

“एवढं केलं मी तुझ्यासाठी.”

“केलंस,” धाकटी म्हणाली. “माझ्या वेण्या घातल्यास, ताई. ही माझी आहे. ठके, चप्पल घाल.”

ती शिक्षिका आळीपाळीने आम्हा चौघींकडे बघत होती. भाषा कळली नसली तरी भांडण कळायला भाषा लागत नाही. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, मी तिच्याशीही दोन हात केले असते. पण ती धाकटीसमोर उभी राहिली आणि हळू म्हणाली की मला हे शाळेला सांगावं लागेल, तुमच्या हद्दीतल्या शाळेत लवकर जा, जागा आहे तिथे. मग तिने धाकटीशी हात मिळवला. मोज्यांमुळे धाकटीचा हात ओला होता, तो तिने आधी कुडत्याला पुसला.

जाताना मी थोरलीला जे सांगायचं ते सांगितलं. इतके आठवडे साठवलं होतं, एकही शब्द परत घरी नेला नाही. टेबलही घेऊन आले. एकटीने उचललं ते, धाकटीच्या एका हातात ठकी होती.

बघूरावाला संध्याकाळी सगळं कळलं. तो अर्थातच म्हणाला, बघू. आणि धाकटी, जिला वाफेच्या आवाजात ओरडता येत नव्हतं, ती अशी ओरडली की माझ्या मजल्यावर मी ताट खाली ठेवलं. “आता बघायचं काही उरलं नाही. उद्या सुट्टी काढायची आणि शाळेत यायचं. क्रेन राहू दे उभी.” दुसऱ्या दिवशी क्रेन उभी राहिली. शहर कोसळलं नाही. ठकीला आमच्या हद्दीतल्या शाळेत प्रवेश मिळाला, सहज मिळाला, आणि इतका सहज मिळाला याचाच मला जास्त संताप आला.

थोरलीने येणं बंद केलं. आमच्या लोकांत सांगत फिरली की धाकटीने तिला शाळेसमोर खोटं पाडलं. काहीजणांना ते पटलंही. मला पाण्यात पाहणारे त्यात दोनचार वाढले, चालायचंच.

मला वाटलं, संपलं. पोर घरी आली, आता परत खालून आवाज येणार आणि मी काठी आपटणार. आवाज येईना. ठकी बोलायची, पण विचारून विचारून, गरजेपुरतं. जिन्यात कोणाची पावलं वाजली की वाक्य अर्ध्यात सोडायची. धाकटी म्हणाली, होईल काकू, थोडे दिवस द्या. मी दिले. माझ्या स्वभावात नसताना दिले.

शाळेचा पहिला दिवस. धाकटीने अर्धा दिवस रजा काढली, मीही काढली, मुकादमिणीला जे वाटायचं ते वाटू दे. फाटकाशी ही गर्दी. थोरलीने सांगितलेली ती बारा देशांची पोरं, नवी दप्तरं, रडारड, आणि प्रत्येक आई आपापल्या भाषेत आपल्या पोराला ओरडत होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एक पोरगं आईच्या पायाला मिठी मारून जमिनीवर लोळत होतं आणि आकाश फाटेल इतक्या मोठ्याने तिला हाका मारत होतं. त्याची भाषा मला येत नाही, पण तो एक शब्द कळला. त्याची आई लाजेने अर्धी झाली होती. मला वाटलं, जाऊन तिला सांगावं, बाई, लाजू नकोस, ऐकून घे.

दारात एक शिक्षिका उभी होती. प्रत्येक मुलाचं नाव विचारायची, बरोबर कोण आलंय ते विचारायची आणि आत पाठवायची. आमचा नंबर जवळ आला. ठकीने धाकटीचा हात सोडला. धाकटीने परत धरला, तिने परत सोडवला. मग आईची बाही ओढून तिला खाली वाकवलं आणि कानाशी तोंड नेलं. मी शेजारीच होते, मला ऐकू आलं.

“इथे तू माझी कोण?”

धाकटी तिथेच, रांगेत, लोकांच्या पायांत खाली बसली. मागचे लोक थांबले. तिने पोरीचे दोन्ही दंड धरले. मला वाटलं रडेल, पण तिचा चेहरा रागाने लाल झाला होता, असा राग मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

“आई,” ती म्हणाली. “इथे आई, रस्त्यावर आई, मावशीच्या दारात आई. कोणीही विचारू दे.”

ठकीने मान हलवली. शहाणी पोर आहे, सांगितलेलं चटकन शिकते. आमचा नंबर आला. शिक्षिकेने वाकून विचारलं, बरोबर कोण आलंय तुझ्या? ठकीने आधी शिक्षिकेकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे, मग फाटकाबाहेर कोण उभं आहे तिकडे. सगळीकडे बघून झाल्यावर तिने धाकटीकडे बोट केलं आणि ओठ हलवले. आवाज आला नाही.

शिक्षिका म्हणाली, काय बाळा, परत सांग. आणि आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या राहिलो.